पिशवीतला हिशेब : बीकॉम पहिल्या सेमिस्टरच्या केस स्टडीच्या नोंदी

सोमवार, १२ ऑगस्ट २०२४

पहिली केस सत्यमची, म्हणजे खोटे हिशेब दाखवणाऱ्या आयटी कंपनीची, घेतली आणि तोंडावर आपटलो.

बेळगावातलं कॉलेज, वर्गात ६२ मुलं. निम्म्याहून जास्त मराठी माध्यमातून दहावी झालेली, बाकी बहुतेक कन्नड माध्यमाची. पीयूसीला (अकरावी-बारावीला) आल्यावर सगळ्यांच्या डोक्यावर एकदम इंग्रजी पुस्तकं. काही जण तर पीयूसी सायन्सचे, त्यांनी डेबिट हा शब्द फक्त एटीएम कार्डावर वाचलेला. अशा वर्गाला फायनान्शियल अकाउंटिंग गोष्टीतून शिकवावं म्हणून मोठ्या हौसेनं दोन पानी केस तयार केली. ७ जानेवारी २००९ चं कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं कबुलीपत्र, ताळेबंदात दाखवलेली ५,३६१ कोटींची रोकड आणि बँक शिल्लक, त्यातले ५,०४० कोटी मुळात नव्हतेच, वगैरे.

मुलं बोलली मात्र भरपूर. ऑडिटर काय करत होते, शिक्षा किती झाली, शेअर घेतलेल्यांचं काय झालं. चाळीस मिनिटं तास नुसता रंगला. शेवटी मी विचारलं, "बरं, न झालेली विक्री खोटी दाखवायची तर नोंद काय पडेल? कुठलं खातं डेबिट?" वर्ग चिडीचूप. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, ते पुढच्या चॅप्टरला असतंय की ओ."

बरोबरच होतं त्याचं. ज्याला सायकल येत नाही त्याला मी अपघाताचा पंचनामा शिकवत होतो.

बुधवार, १४ ऑगस्ट

केस पद्धत मुळात वकिलीच्या वर्गातली. १८७० साली हार्वर्डला लँगडेल यांनी निवाडे वाचून कायदा शिकवायला सुरुवात केली, तिथून ती व्यवस्थापनात आली, आणि आपल्याकडे आयआयएम अहमदाबादनं ती रुजवली. पण त्या केसेस, निर्णय घ्यायला शिकणाऱ्यांसाठी. माझ्या मुलांना अजून नोंद कशाची करायची हेच ठरवता येत नाही.

पुस्तकातल्या गणितात ते काम आधीच उरकलेलं असतं. 'रामकडून ५,००० रुपयांचा माल उधारीवर खरेदी केला.' या वाक्यात काय झालं, कुणाचं झालं, उधार की रोख, सगळं ठरवूनच दिलंय. मुलानं फक्त डावं-उजवं करायचं. दुकानात असं वाक्य कुणी आणून देत नाही. तिथं तारेला ओवलेली बिलं असतात आणि खिळ्याला टांगलेली पिशवी असते.

म्हणून ठरवलं, केस म्हणजे पिशवीच द्यायची.

शनिवार, २४ ऑगस्ट

ओळखीच्या दोन दुकानांत जाऊन बसलो. एक कुंद्याचं (आटवलेल्या दुधाच्या मिठाईचं), एक किराण्याचं. दोन्ही मालकांनी परवानगी दिली, मी आकडे बदलले आणि दोन दुकानांचं मिळून एक कुंद्याचं दुकान केलं. आठवड्याच्या ४३ चिठ्ठ्या. सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलेल्या, कॅलेंडरच्या तुकड्यावर लिहिलेल्या, दोन तर नुसते मोबाईलवरचे मेसेज. तशाच झेरॉक्स काढल्या, अक्षर सुधारलं नाही. काही मासले :

'गवळी. ५६ लि. दर ६०. बाकी.' खाली बारीक अक्षरात 'त्यातलं रोज २ घरी'.

'साखर २५ किलो १,०७५ दिले.'

'लग्नाची ऑर्डर १० किलो, ॲडव्हान्स २,०००.'

'धाकट्याकडून २०,००० घेतले.'

'पोरीची फी ३,५००.'

'फ्रीज बघून आलो, २८,५०० सांगतोय.'

'मंडळाची वर्गणी ५०१.'

कन्नड मुलांसाठी शेजारच्या डिपार्टमेंटच्या सरांकडून चिठ्ठ्यांची कन्नड प्रत करून घेतली. त्यांना फारसं काही करावंच लागलं नाही. जमा, बाकी, खाते हे शब्द तिकडेही तेच. उधारीला ते उद्री म्हणतात, पैशाला रोक्क. हिशेबाच्या वहीत आपली सीमा फार पुसट आहे, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं.

बुधवार, ४ सप्टेंबर

पिशवी दिली. पाच-पाच, सहा-सहांचे गट, मराठी-कन्नड मिसळून. सूचना एकच : बाकावर तीन ढीग करा. नोंद होणार, नोंद होणार नाही, आणि ठरवता येत नाही. डेबिट-क्रेडिट हे शब्द आज कुणी काढायचे नाहीत.

पहिली दहा मिनिटं नुसता गोंधळ. मग भांडणं सुरू झाली, आणि मला हवी होती तीच. फ्रीजवर सात गटांनी नोंद टाकली, '२८,५०० लिहिलंय की!' चार गटांनी बाजूला ठेवली. नुसता भाव विचारून आला, घेतला कुठं? हा वाद मी मिटवला नाही, त्यांनीच मिटवला. 'बाजारात भाव विचारला म्हणून पैसे द्यायचे झाले तर आमची आई भिकेला लागली असती,' असं अनगोळची एक मुलगी म्हणाली, आणि सातही गटांनी चिठ्ठी उचलून दुसऱ्या ढिगात टाकली.

लग्नाची ऑर्डर अवघड गेली. पैसे गल्ल्यात आले म्हणजे विक्री झाली, हे डोक्यातून जाईना. मी विचारलं, "उद्या लग्न मोडलं तर?" "परत द्यायला लागतील." "मग आज ते पैसे कुणाचे?" एवढ्यावर अर्धा वर्ग थांबला. ॲडव्हान्स हे देणं आहे, उत्पन्न नाही, हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं नाही. एकानं आपणहून वहीत लिहिलेलं नंतर दिसलं.

धाकट्या भावाचे वीस हजार अजून तिसऱ्याच ढिगात आहेत. उसने असतील तर कर्ज, भागीत घातले असतील तर भांडवल. मालकाला विचारल्याशिवाय ठरणार नाही, आणि 'मालकाला विचारा' हेही उत्तर असू शकतं, याचं मुलांना फार नवल वाटलं.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

उद्या चतुर्थी. वर्ग अर्धा. आलेल्यांत घरच्या दुधावर चर्चा. रोज २ लिटर, आठवड्याचे १४, दर ६०, म्हणजे ८४०. गवळ्याचं देणं ३,३६०, पण दुकानाची खरेदी २,५२० आणि उरलेली मालकाची उचल. पोरीची फीही तिथंच.

"पण सर, दुकानही त्याचंच, घरही त्याचंच." हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी व्यवसाय आणि मालक वेगळे अशी व्याख्या देऊन मोकळा होतो. या वेळी मुलांनाच दोन्ही तऱ्हेनं नफा काढायला लावला. घरचं दूध खरेदीत धरलं की नफा ८४० नी खाली. "म्हणजे दुकान चालत नाही असं वाटंल, आणि खरं तर घरातली पोरं दूध पिऊलालीत," एकजण म्हणाला. व्याख्येपेक्षा बरं.

जाता जाता : दुहेरी नोंदीवर १४९४ साली व्हेनिसला पहिल्यांदा छापून लिहिणारे लुका पाचोली व्यापाऱ्याला आधी आपल्या सगळ्या मालमत्तेची यादी करायला सांगतात, आणि त्या यादीत दागिने, कपडे, घरातलं चांदीचं सामानही येतं. कुंदेवाल्याला मी उगाच नावं ठेवत होतो. पाचोलींच्या तीन वह्यांपैकी पहिली तर कच्चीच. घडलं तसं लिहून ठेवायची, दुकानातल्या कुणीही. म्हणजे आमची पिशवीच.

शुक्रवार, २० सप्टेंबर

विसर्जन झालं, मुलं परत आली, घसे बसलेले.

आज मला घाम फुटला. रविवार पेठेतल्या आडतीच्या दुकानातला एक मुलगा घरच्या रोजमेळीच्या (रोजच्या रोकड वहीच्या) पानाचा फोटो घेऊन आला. डावीकडे 'जमा' (क्रेडिट), उजवीकडे 'नावे' (डेबिट). "सर, पुस्तकात डावीकडं नावे, उजवीकडं जमा. आमच्या वहीत उलटं. पुस्तक चुकलंय का आमचे आजोबा?"

खरं सांगायचं तर मला हे ठाऊक होतं, पण मी कधी शिकवत नाही. कारण शिकवायला गेलं की गोंधळ वाढतो अशी माझी समजूत. आज सुटका नव्हती. फळ्यावर एकच व्यवहार घेतला : गिऱ्हाइकानं जुन्या उधारीचे ५०० रुपये आणून दिले. खाती दोन. रोकड खातं नावे, गिऱ्हाइकाचं खातं जमा. इंग्रजी पद्धतीची रोकड वही हे स्वतः रोकडीचंच खातं, म्हणून आलेले पैसे डावीकडे, नावे बाजूला. आजोबांच्या रोजमेळीत रोकडीचं खातं म्हणून कुणी बघतच नाही. तिथं समोरच्या माणसाचं काय झालं ते लिहायचं. गिऱ्हाइकानं दिले, त्याच्या नावावर जमा. एकाच व्यवहाराची एक बाजू पुस्तकानं लिहिली, दुसरी आजोबांनी.

"म्हणजे दोघंबी बरोबर." "हो." "मग बँकेच्या पासबुकात पैसे भरले की जमा का?" हे मी विचारणार होतो, त्यानं आधी विचारलं. ती बँकेची वही आहे, बँकेच्या वहीत आपण गिऱ्हाईक.

बावीस वर्षं शिकवतोय. जमा म्हणजे आलेले पैसे या घरच्या अर्थावर मुलं अडखळतात आणि मी त्यांना 'नियम पाठ करा' सांगत आलो. ज्यांच्या घरात वही आहे तीच मुलं या धड्याला जास्त चुकतात, कारण त्यांना आधीच काहीतरी येत असतं.

मंगळवार, १ ऑक्टोबर

तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा बाक्यांच्या बेरजा, जुळवणे. अकरापैकी सहा गटांची जुळली. खानापूरच्या मुलांच्या गटाचा फरक ४५०. ती मुलं सरळ फरक तात्पुरता टाकायचं अनामत खातं उघडून मोकळी व्हायच्या बेतात. थांबवलं. जुन्या मुनीमांची युक्ती सांगितली : फरकाला ९ नं भाग जातो का बघा. गेला, पन्नास वेळा. मग आकड्यांची अदलाबदल शोधा. वीस मिनिटांनी सापडलं, खतावणीत (खातेवहीत) ७,६१० च्या जागी ७,१६० गेलेले. त्या गटात जो आरडाओरडा झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातल्या मॅडम डोकावून गेल्या.

एका गटाची तेरीज जुळलेली, पण साखरेचे १,०७५ किरकोळ खर्चात टाकलेले. जुळली म्हणजे बरोबर नव्हे, हे सांगायला आयतं उदाहरण मिळालं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

युनिट टेस्ट. नेहमीसारखा पेपर : वीस व्यवहार, रोजकीर्द (जर्नल) लिहा. माझ्या वर्गातल्या चौदा मुलांचा पेपर वेळेत पुरा झाला नाही. दुसऱ्या डिव्हिजनला नुसता सराव झाला होता, त्यांच्यातल्या बहुतेकांचा झाला.

स्टाफरूममध्ये टोमणा आला, "तुमची मुलं विचार करत बसली असतील." बसली होतीच. एका मुलीनं 'मालकानं ५,००० रुपये काढले' या व्यवहारापुढे लिहिलंय : 'कशासाठी ते दिलेलं नाही.' परीक्षक विद्यापीठाचा असता तर एक गुण गेला असता. मी दिला, पण मला बरं वाटलं नाही. सेमिस्टरचा पेपर मी काढणार नाही, आणि तो याच धर्तीवर येणार.

बदल : दर शुक्रवारी नुसता सराव. वीस व्यवहार, पंचवीस मिनिटं, घड्याळ लावून. पिशवी बाकीच्या दिवशी.

शनिवार, १९ ऑक्टोबर

दुसरी केस, वडगावचं मागाचं घर. मजुरीवर चालणारे चार पॉवरलूम, जुने घेतलेले, १,६०,००० ला. सूत आणि बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेला रूळ) शेठजींकडून येतं, साडी विणून परत जाते, साडीमागे मजुरी मिळते.

आठ गटांनी घरात पडलेलं २,१०,००० चं सूत ताळेबंदात मालमत्ता म्हणून धरलं. आकडा मोठा, पत्रक भारदस्त दिसतं. ज्या मुलीचं घर खरंच मागाचं आहे ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, सूत आमचं नव्हेच. घरात असतंय, पण शेठजींचं. उद्या न्या म्हणाले तर द्यायला लागतंय." मालमत्ता म्हणजे घरात असलेली वस्तू नव्हे, हे तिनं एका वाक्यात सांगून टाकलं. मग कुणीतरी विचारलं, जळालं तर? भरून द्यावं लागेल का, ते करारावर. पण जळालं नाही तोवर ताळेबंदात येत नाही.

घसाऱ्यावर (वापरानं दरवर्षी घटणाऱ्या किमतीवर) भांडण. माग किती वर्षं चालतो? पुस्तकात वर्षं दिलेली असतात, इथं मुद्दाम दिली नव्हती. कुणी पाच, कुणी वीस. ती म्हणाली, "आमचा एक आजोबांच्या वेळचा आहे, चालतोय अजून, पण महिन्यातनं दोनदा फिटर येतोय." शेवटी आठ वर्षं आणि २४,००० भंगार किंमत धरून वर्षाला १७,००० वर एकमत झालं. हा अंदाज आहे, आणि अंदाजाची सही आपली असते, हे मुलांना पटलं की नाही देव जाणे.

तास सुटताना तिनं हळूच विचारलं, "आई दिवसभर कांड्या भरत्या. तिची मजुरी कुठं लिहायची?" मी पुस्तकी उत्तर दिलं : पैसे दिले नाहीत, व्यवहार नाही, नोंद नाही. तिनं मान हलवली. गटाच्या पत्रकाखाली मात्र एक ओळ आली : 'टीप : कांड्या भरण्याची मजुरी धरलेली नाही.' मी ती खोडली नाही. पत्रकाखाली टीप द्यायची मुभा असतेच.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

कॉलेजला सुट्टी. गावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन, आणि यंदा लक्ष्मीपूजनही आजच. संध्याकाळी कुंद्याच्या दुकानात वहीपूजनाला गेलो, चार मुलंही आली. नव्या वहीवर कुंकवाचं श्री, बाजूला पेढे, आणि त्याच टेबलावर कॉम्प्युटर, त्यालाही हळदकुंकू.

एका मुलानं मालकांना विचारलं, "तुमचं वर्ष आजपासून की एप्रिलपासून?" मालक हसले. "लक्ष्मीचं आजपासून, सीएचं एप्रिलपासून." १९८९-९० या आकारणी वर्षापासून आयकराला सगळ्यांचं वर्ष ३१ मार्चला संपायला लागलं. त्याआधी दिवाळी ते दिवाळी हिशेब ठेवणारे खूप होते. हिशेबाचा कालावधी ही माणसानं आखलेली रेघ आहे, हा मुद्दा वर्गात सांगायचा राहिला होता. पेढा खाता खाता झाला.

शिल्लक मालाची चौकशीही तिथंच उरकली. तीन किलो कुंदा उरलाय, खर्च किलोला ३८०, पण उद्या हॉटेलवाला ३०० नीच नेणार. मग वहीत ९०० धरायचे, ११४० नव्हे. लागलेला खर्च आणि मिळणारी किंमत, यांत कमी असेल ते. मालक म्हणाले, "हे आम्ही कवाचं करतोय, त्याला नाव असतंय व्हय?"

मंगळवार, १२ नोव्हेंबर

जीएसटीची छोटी केस. उद्यमबागेतल्या वर्कशॉपनं १०,००० चे सुटे भाग दोन ठिकाणी पाठवले, १८ टक्के कर. बेंगळुरू पाचशे किलोमीटरवर, तिथल्या बिलात केंद्राचे ९०० आणि राज्याचे ९००. शिनोळी वेंगुर्ला रोडवर हाकेच्या अंतरावर, पण चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिथल्या बिलात आयजीएसटीचे (राज्याबाहेरच्या विक्रीवरच्या कराचे) १,८००, एकाच ओळीत. 'सर, शिनोळीला आम्ही चहा प्यायला जातोय,' वगैरे. दहा मिनिटांत समजलं, पुढे गेलो.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

बँक जुळवणी पत्रक (आपली वही आणि बँकेचं स्टेटमेंट ताडून बघणं) संपलं आणि ऑगस्टमधली सत्यमची तीच दोन पानं पुन्हा वाटली. मी काही बोललो नाही.

या वेळी गप्पा कमी झाल्या. आडतीच्या दुकानातला मुलगा एका आकड्यावर बोट ठेवून बसला. "५,३६१ मधले ५,०४० नव्हते. मग बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवलं तेव्हा फरक आला असणार." "असणार." "मग ते स्टेटमेंट कंपनीनं आणून दिलं, का ऑडिटरनं बँकेला सरळ पत्र घालून मागवलं?" सगळं प्रकरण या प्रश्नापाशी येतं. ऑगस्टमध्ये चाळीस मिनिटांत तो कुणाच्या तोंडून आला नव्हता.

फळ्यावर न झालेल्या विक्रीची नोंदही टाकून झाली. ऋणको (उधारीचं देणं लागणारं गिऱ्हाईक) नावे, विक्री जमा. मग 'वसुली' दाखवायला बँक नावे, ऋणको जमा. दोन्ही बाजू जुळतात, तेरीज जुळते, फक्त पैसे नसतात. अनगोळची मुलगी म्हणाली, "फ्रीजच्या चिठ्ठीचीच नोंद केल्यासारखं झालं हे."

बुधवार, ४ डिसेंबर

सरावाच्या शेवटच्या शुक्रवारी वेळेत पेपर न संपणारे चौघे उरले. त्यांना उद्यापासून सकाळी आठला बोलावलंय.

पुढच्या वर्षासाठी : धाकट्या भावाच्या वीस हजारांची चिठ्ठी ठेवायची. कन्नड प्रतीत 'उचल' चा शब्द दोन ठिकाणी वेगळा पडलाय, सरांना दाखवायचा. मागाच्या केसमध्ये लाइट बिल घरचं आणि मागाचं वेगळं करून द्यायचं, त्यात फुकट तास जातो. आणि फ्रीजची चिठ्ठी बदलायची. या मुलांनी ती आतापासूनच ज्युनिअरांना फोडलीय.